बैलांच्या डोळ्यांवरचा दुपट्टा

बाबा, आज पेपरात पुन्हा तो आकडा आला. गेल्या वर्षी देशभरात रस्त्यांवर किती माणसं मेली, त्याचा. आधीच्या वर्षापेक्षा मोठा. वरोऱ्याला मी मोटारींचे ब्रेक दुरुस्त करतो, त्या दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, पहिले असं नव्हतं. मी हातातला पाना खाली ठेवला आणि त्याला समजावलं. पहिले मोटारी होत्या किती? मोटारींच्या मानानं पाहिलं तर तेव्हाच माणूस जास्त मरायचा. आता एका मोटारीमागं मरणं कमी झालं, पण मोटारीच इतक्या वाढल्या की एकूण आकडा फुगतच चालला. हे मला कोणी शिकवलेलं नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी अक्षर शिकलो, भागाकारही माझा मीच. गिऱ्हाईक मान हलवून गेलं. मी मात्र त्या 'तेव्हा'पाशी अडकून बसलो.

तेव्हा म्हणजे पन्नास सालानंतरची ती वर्षं. अहेरीच्या रस्त्यावर दिवसातून एखादी मोटार, तीही बहुतेक जंगलातलं सागवान नेणारी. समोरून आवाज आला की तुम्ही बैलगाडी कडेला घेता, कासरा माझ्या हाती देता, उडी मारून बैलांच्या पुढ्यात उभे राहता आणि खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या डोळ्यांवर असा धरता की मोटार दिसू नये, तुमचं तोंड तेवढं दिसावं. मोटारीकडं पाठ. एकदा मी खाली उतरून दुपट्टा धरला होता आणि मान वळवून मोटार पाहिली, तर तुम्ही रागावलात. “तिकडं काऊन पायतं बे? बैल आपल्या तोंडाकडं पायते. आपण भेलो का ते बी भेते.”

त्या दिवशी बाजारातून परतताना ट्रक आला. त्याच्या बाजूनं एक लाकूड हातभर बाहेर निघालं होतं. मी गाडीवरून ते पाहिलं आणि ओरडलो. तुम्ही वळला नाहीत. वळला असतात तर बैल बुजले असते. लाकूड तुमच्या पाठीत बसलं. दुपट्टा शिंगांत अडकून राहिला. हे मी नीट लिहितो, कारण कोणी लिहिलं नाही: बैल जागचे हलले नव्हते, गाडीचं चाक वीतभरही सरकलं नव्हतं.

ट्रकवाला म्हणाला, बैल बुजले. पोलीस जमादारानं तेच लिहून घेतलं. मी म्हणालो, “बैल हलले नाईत.” गावचे पाटील माझ्याकडं पाहून म्हणाले, “मंग काय मोटार बुजली का रे?” जमलेल्यांपैकी दोघं-तिघं खाली माना घालून हसले. तुमचं मरण बैलांच्या माथी गेलं. देशाच्या आकड्यात ते कधी धरलं की नाही, मला ठाऊक नाही.

मायनंही तेच धरलं. मी परोपरीनं सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “तुया बाबाले ज्यायनं मारलं, त्यायले मी चारा घालू?” दोन्ही बैल अहेरीच्या बाजारात विकले. दावं दुसऱ्याच्या हाती देताना धाकटा बैल माझ्या तोंडाकडं पाहत होता. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. माय गेली तीही तोच समज घेऊन.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं; मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पाटलांचं बोलणं मी गाळून पुढं वाचलं असतं.

दुकानात कोणाला सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. माझ्या कामात मला सुताचा फरक चालत नाही. तरी दरवर्षी तो आकडा वाचला की मी त्यात एक मिळवतो. तुम्ही त्या वर्षीचे नाहीत, हिशेबानं ते चूकच आहे. तरी मिळवतो.