घराशी विसावा

१२ मार्च, मंगळवार

थोरल्याचा फोन. आवाज अगदी हेडमास्तरांचा! — "बाबा, हे शेवटचं. रविवारी धाकटीला जुनं शहर फिरवून आणा. बसने, ट्रामने. गाडी तुम्हीच ओळखायची, उतरायचं कुठे तेही तुम्हीच. ती तोंड उघडणार नाही. संध्याकाळी न चुकता घरी आणलंत तर विषय बंद. नाहीतर वृद्धाश्रम."

आणि वर — "तिथे बाग आहे, बाबा."

बाग आहे म्हणे! मी काय फुलपाखरू आहे?

गेल्या महिन्यात दूध आणायला निघालो तो ट्रामच्या डेपोत सापडलो, त्याचं हे सगळं. कंडक्टरने हाताला धरून घरी आणलं. हातात रिकामी किटली. शेजारीण म्हणाली, "आजोबा, गाय शोधायला गेला होतात की काय?" मीही हसलो. दार लावलं तरी ते हसू तोंडावर तसंच — उतरेना.

१३ मार्च

हरणार. दुसरं काय.

१४ मार्च, गुरुवार

सुचलं! आम्ही जुन्या शहरात राहत होतो तेव्हा धाकटीला शाळेतून येताना ट्रामचे थांबे आठवत नसत. म्हणून मी ते भुजंगप्रयातात बसवून दिले होते. वेशीपासून थेट आमच्या जिन्यापर्यंत. दोन वेण्या उडवत ती म्हणायची.

काल काय जेवलो ते सांगता येणार नाही, पण कविता अख्खी आठवली. आम्हाला वृत्तं छडीच्या ठेक्यावर शिकवलेली; ती अजून नाडीत आहेत. रविवारी तीच धरून चालायचं. फक्त शेवटच्या ओळींआधी, पुलाच्या अलीकडे, मंडईशी उतरायचं आणि हल्लीच्या घराकडे, वसाहतीकडे जाणारी बस धरायची. पाठ केलं. पुन्हा केलं.

१६ मार्च, शनिवार

धाकटी आली. डबे उघडून पाहिले. मिठाच्या बरणीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे — "हे मीठ. साखर नव्हे." बराच वेळ तिच्याकडे बघत उभी होती. मग चहा केला. साखर बरोबर होती.

१७ मार्च, रविवार

झालं ते लिहून ठेवतो. उद्या आठवेल न आठवेल.

सकाळ — काय सकाळ! बस बरोबर, थांबा बरोबर. वेशीच्या दगडांवर ऊन. तिथून ट्राम. ही ट्राम आजही भुजंगप्रयातातच चालते! एक हलका झोका, दोन जड. एक हलका, दोन जड. धाकटी ओठ मिटून शेजारी. "मी बोलायचं नाही, दादाने सांगितलंय." पुस्तकबांधणीवाल्यांच्या गल्लीत खळीचा वास आला आणि तीच बोलली, "बाबा, इथे आई नाक दाबायची!"

मग काय, बांध फुटला. घड्याळाचा मनोरा लांबून दाखवला. जुनं वाचनालय दाखवलं, तिथल्या पायऱ्यांवर आमची ही माझ्यावर पहिल्यांदा चिडली होती. "कशावरून?" "कविता ऐकवली म्हणून." धाकटी इतकी हसली की पुढच्या बाकावरच्या बाई वळल्या.

संध्याकाळी पुन्हा वेशीपासून ट्राम. ऊन तिरपं. मी ओळी पुटपुटत होतो. ती हळूच सुरात सूर मिसळू लागली. एकही शब्द विसरली नव्हती! मंडई कधी गेली? माहीत नाही. आम्ही दोघं गात होतो —

पुढे पूल येई, मनोरा दिसावा
जिना वेंघुनीया घराशी विसावा

उतरलो. जिना चढलो. हल्लीचं घर तळमजल्यावर आहे. जिना लागला तेव्हाच कळायला हवं होतं. कठडा तसाच गुळगुळीत. तिसरा मजला. खिशातून किल्ली काढली. लागेना. "कुलूप गंजलं बहुतेक," मी म्हटलं. पुन्हा फिरवली.

मागून धाकटी म्हणाली, "बेल वाजवा ना बाबा, आई असेल—"

आणि थांबली.

हिला जाऊन सात वर्षं झाली.

दार उघडलं. खांद्यावर टॉवेल टाकलेला कोणी गृहस्थ. "कोण हवंय?"

दोघांनाही सांगता येईना.

खाली येऊन तिने टॅक्सी केली. वाटभर माझा हात तिच्या मांडीवर. किल्ली मुठीत तशीच, तळव्यावर वळ उठला.

१८ मार्च, सोमवार

सकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज — "नाही दादा, कुठेच चुकले नाहीत. सरळ घरी आणलं मला. राहू देत एकटे."

लहानपणी खोटं बोलली की तिचा आवाज बारीक व्हायचा. आजही झाला.

मी कपाटावरची बॅग काढली. कपडे घातले, कवितांचं पुस्तक घातलं. ती दारात आली. "बाबा, हे काय?"

"अगं, बाग आहे ना तिथे!"