सोनी नववी पास

सोमवार, नागापूर

शेजारची सोनी नववी पास झाली. तिच्या वर्गशिक्षकांना फोन करून खात्री केली. "सगळ्यांनाच वर ढकललंय," ते म्हणाले. रोज संध्याकाळी मी तिला वाचायला शिकवतो, तरी जोडाक्षर आलं की तिचं बोट थांबतं. आणि आता समोर दहावीची बोर्डाची परीक्षा.

तिची आई पेढे देऊन गेली. "काका, शिकवनी आता बंद. लई तरास दिला तिनं."

"अहो, तिला अजून नीट वाचता येत नाही."

"सरांनी पास केलीया, तुमी कोन नापास करनार?"

आईनं माझं बोलणं हसण्यावारीच नेलं.

मला काळजी कशाची, तिच्या दहावीची की माझ्या रिकाम्या संध्याकाळची? दोन्हींची असेल. ते थांबलेलं बोट मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या ती येणार नाही. मीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहीन. आई पुन्हा हसेल. हसू दे.