बंद होण्याआधी पूर्ण करायची नोंद

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, व्यवसाय संगणकाचे प्रोग्राम लिहिणे, देवाच्या कृपेने पूर्ण शुद्धीत असून, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र गावच्या शाळेत घटवलेल्या अक्षरात लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. पत्नी म्हणाली, "मग लिहून ठेवायला काय हरकत आहे?"

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीला.

२. हत्यारपेटी धाकट्या भावाला. त्यातले ड्रिल त्याने सहा वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो" म्हणून नेलेच आहे. आता पेटीही न्यावी.

३. रक्ततपासणी प्रयोगशाळेच्या जावा प्रोग्रामची जबाबदारी माझ्या कनिष्ठ सहकारी मुलीने घ्यावी. तिने एवढे ध्यानात ठेवावे. प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाला थ्रेड म्हणतात. साधा थ्रेड संपेपर्यंत प्रोग्राम थांबतो. डीमन ठरवलेल्या थ्रेडसाठी मात्र कुणी थांबत नाही. शेवटचा साधा थ्रेड संपला की डीमन असेल तिथे, अर्ध्या अक्षरावर तुटतो. त्याला मागचे आवरण्याचीही सवड मिळत नाही.

४. हे ठाऊक असूनही अकरा वर्षांपूर्वी निकाल डिस्कवर लिहिणारा थ्रेड मी डीमन केला. तोवर स्क्रीनवरची खिडकी बंद केली तरी प्रोग्राम आत चालूच राही. प्रयोगशाळाप्रमुख सर्वांदेखत म्हणाले होते, "तुमचा प्रोग्राम पाहुण्यासारखा आहे. निघतो निघतो म्हणतो आणि दारातच उभा." मला ते लागले. एका ओळीत काम झाले, प्रोग्राम चटकन बंद होऊ लागला आणि मी ताठ मानेने हिंडलो.

मग एका संध्याकाळी प्रोग्राम बंद करताच, डिस्कवर जाण्यासाठी रांगेत असलेले सात निकाल लिहायचे राहून गेले. ठपका नोंदी करणाऱ्या ताईंवर आला. त्या मला म्हणाल्या, "दादा, मी सेव्ह केलं होतं. नोंद झाली असं स्क्रीनवर आलं होतं. तुम्ही तरी सांगा ना."

मी म्हणालो, "बघतो."

बघितले आणि चूक सापडलीही: निकाल रांगेत लागताच 'नोंद झाली' दिसे, लिहिणारा डीमन मात्र मध्येच तुटे. थ्रेड पुन्हा साधा केला. बंद करताना नवे काम घ्यायचे नाही, रांग संपवायची, मगच निघायचे, असे लिहिले. बदलाच्या वहीत 'किरकोळ सुधारणा' एवढीच नोंद केली. ताईंना निष्काळजी म्हणून काढले. हल्ली त्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. मी त्या रस्त्याने जात नाही. देवापुढे रोज हात जोडतो, पण तिथेही हा विषय मी काढलेला नाही.

५. कलम चार माझ्यामागे वाचावे, असे आधी लिहिले होते. पत्नीने वाचून विचारले, "अहो, तुम्ही गेल्यावर त्या ताईंनी भांडायचं कुणाशी?" ती ओळ मी खोडली. म्हणून ते कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. एक प्रत आज सकाळी प्रयोगशाळाप्रमुखांना देऊन पोच घेतली. दुसरी ताईंच्या हातात मी स्वतः देणार आहे. त्यांनी क्षमा करावी अशी अट नाही.

साक्षीदार, दोघांनीही वाचून सही केली:
समोरच्या घरातले निवृत्त ग्रंथपाल
कोपऱ्यावरचे चष्मेवाले

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
वार व वेळ: मंगळवार, दुपारचे चार. झेरॉक्सचे दुकान सहाला बंद होते.