अक्काची नोंद कुठे

बेंगळूर, ४ फेब्रुवारी १९५९

हृदयविकाराचे मृत्यू बेंगळुरात निपाणीकडच्यापेक्षा जास्त दिसतात, असे आज आरोग्य खात्यातल्या रामण्णांनी पक्के सांगितले. कारण साधे. माणूस मरतो तिथे नोंद होते, आणि आमच्याकडचे आजारी उपचारांसाठी इथे येतात. वर्तमानपत्राला बातमी वेळेत दिली. घरी अक्कालाही सांगून बसलो. तिलाही मी त्याच दुखण्यासाठी आणलेय.

"म्हणजे इथं गेले तर मी बेंगळूरची? बरा भाऊ आहेस!" ती हसली. मग म्हणाली, "गावाकडं ने रे. खळ्यावर तंबाखू वाळत असेल."

मलाही तो वास आला. गावी जायचं म्हणून तिने आपला तांब्या पिशवीत घालूनच ठेवलाय. मी प्रवास नको म्हणतो, ते तिच्यासाठी की माझ्यासाठी?

शनिवारी डॉक्टर येतील. प्रवासाला हो म्हणाले, तर त्याच रात्री बेळगावची गाडी. नाही म्हणाले, तरी तांब्या पिशवीतून मी काढणार नाही.