तळहातावरचा तेलाचा नंबर

मूल गाव, शुक्रवार संध्याकाळ

आज गाडीनं धानाचं मळणीयंत्र चढावर ओढलं, एकदाही अडली नाही. मन अजून थाऱ्यावर नाही. ऑटोमॅटिक गिअरचं जुनं तेल जळून गेलं होतं. नवं चुकीचं पडलं असतं तर ऐन मळणीत गिअरबॉक्सच बसला असता.

गाडीच्या पुस्तकातला तेलाचा नंबर डाव्या तळहातावर लिहून नेला होता. दुकानदार म्हणाला, "भाऊ, ओझं ओढाचं असन तर महागच घ्या."

मी तळहात पुढं केला.

"मी काय हात पाहणारा जोशी आहो?"

"नंबर पाहा."

तोच नंबर स्वस्त डब्यावर निघाला. अक्षर न अक्षर ताडून पाहिलं अन् तोच घेतला. तरी चढ संपेपर्यंत वाटत होतं, स्वस्ताला भुललो तर नाही?

दिवा लावण्याआधी हात धुतले, डावा तळवा मात्र घासला नाही. हात जोडले, तेव्हा नंबर आतच होता.