प्रागच्या अंगणातलं टेबल

अप्पा, तुम्ही केलेलं एक टेबल काल मला दिसलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला मला दुसरं माणूस सुचत नाही.

तुमची नात प्रागला नोकरी करते. रविवारी तिला सुट्टी. तिथल्या जुन्या घरांच्या दारातून आत शिरलं की बोळ लागतो, बोळातून अंगण, त्यातून पुन्हा दुसरं अंगण. रस्त्यावरून जाणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तसली अंगणं शोधायचा तिला नाद लागलाय. फोनवर मलाही बरोबर फिरवते. मी इथे मैसूरला, विजयनगरच्या घरात शेंगा सोलत बसतो आणि म्हणतो, "अगं, लोकांच्या घरात अशी काय घुसतेस? कुणी हाकललं तर?" ती म्हणते, "सुम्ने, उगी बघा हो बाबा, इथे चालतं."

काल एका आतल्या अंगणात म्हातारी बाई कुंड्यांना पाणी घालत होती. छज्ज्याखाली काळपट टेबल होतं, त्यावर तिनं ओली झारी ठेवली. मी ओरडलोच, "अय्यो, उचल ती आधी! शिसवी आहे ते!" पोरीनं झारी उचलली, बाहीनं पाणी पुसलं आणि फोन जवळ नेला. शिसवी फळीत रंगीत लाकडाचे तुकडे बसवून केलेलं चित्र. म्हटलं, आपल्या मैसूरचंच काम, असेल हत्ती नाहीतर देऊळ. तुमच्या कारखान्यात तेच तर चालायचं.

हत्ती नव्हता, अप्पा. आपली गल्ली होती. वाकडा नळ, नळाखाली घागर धरून आई, पायरीवर मी. आणि मधोमध पिवळ्या झग्यात, तुमच्या मोठ्या चपला घालून निघालेली माझ्या पाठची धाकटी.

माझ्या मांडीवरचं ताट उपडं झालं, शेंगा घरभर. बायको आतून धावत आली, "काय झालं? कोण गेलं?" मी नुसतं फोनकडे बोट दाखवलं.

धाकटी तीन वर्षांची होऊन तापात गेली. तिचा फोटो एकही नाही. जेवताना मी एकदाच तिचं नाव घेतलं, तर तुम्ही पुढचं ताट सारलंत. "सुम्निरु! गप्प बस! या घरात परत ते नाव काढायचं नाही." तेव्हापासून ते काढलं नाही कुणी. आई रडायची तीसुद्धा तुम्ही कामावर गेल्यावर. डबा घेऊन मी कारखान्यात यायचो तेव्हा तुम्ही बारीक करवतीनं फणसाचं पिवळं लाकूड कापत असायचात, भुवयांवर भुसा, मान वर नाही. हा माणूस दगड आहे, असं मला वाटायचं. आईही तसंच समजून वारली. आणि तुम्ही तिथे बसून धाकटीचा झगा कापत होतात?

मालकाचं लाकूड, मालकाचं टेबल. ते विकलं जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मग ते जायच्या आधी आईला हाताला धरून नेऊन एकदा दाखवायचं होतं हो! एकदाच! माझा राग अजून उतरलेला नाही.

पोरीला म्हटलं, विचार, देतात का. म्हातारीच्या नवऱ्यानं तरुणपणी ते इथूनच नेलं होतं. ती मान हलवत राहिली. "नाही म्हणतेय बाबा. म्हणतेय, नवरा गेल्यापासून या मुलीशीच बोलते मी रोज." मग म्हातारीनं फोन स्वतःच्या हातात घेतला, बोटानं धाकटीकडे दाखवलं आणि काहीतरी विचारलं. पोरगी म्हणाली, "नाव विचारतेय हिचं. बाबा, कोण आहे ही?"

मी नाव सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. माझी बहीण, म्हणालो. तिकडे म्हातारी ते नाव वेडंवाकडं म्हणून बघत होती, आणि इकडे बायको शेंगा गोळा करता करता थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदा ऐकलं. "तुम्हाला बहीण होती?" म्हणाली आणि हातातल्या शेंगा ताटात टाकून फोनपाशी आली.

पोरीनं टेबलाचा फोटो पाठवलाय. सकाळपासून तो मोठा करकरून बघतोय. हे पत्र कुठे टाकणार? कपाटात राहील. पोरीनं विचारलं होतं, चेहरा असाच होता का तिचा? मी म्हटलं, हुबेहूब. खरं सांगू अप्पा, मला तिचा चेहरा आठवतच नव्हता. तुम्हाला आठवत होता.