तयारीच फसली

मंठा, २ जून

चि. आकांक्षास आबाचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. ऊन फार. माझा खोकला आहे तसाच. तू वेळेवर जेवतेस ना? निजताना गॅसचे बटण बघत जा. फोनवर तुझा बाप शिवाजी शेजारी उभा राहून स्पीकर लावतो, म्हणून लिहायला बसलो. सातवीतून शाळा सुटलेल्याचे अक्षर आहे, सांभाळून घे.

तुझ्या कामाचे तू सांगितलेस ते डोक्यातून जात नाही. प्रत्येक चाचणीआधी कॉम्प्युटरने तयारी करायची, खोटे गिऱ्हाईक उभे करायचे, त्याचे खाते उघडायचे. ती तयारीच फसली, म्हणून पुढची एकही चाचणी झाली नाही. तू काम तिथेच थांबवून 'चाचण्या झाल्याच नाहीत' असे दाखवायची सोय केलीस. साहेब म्हणतात, ते गुपचूप वगळ, काम देणाऱ्या कंपनीला सगळे हिरवे, म्हणजे पास, दिसू दे, नाहीतर महिनाअखेर राजीनामा दे. बराबर ना?

आधी मला तुझाच राग आला. दाखवावे हिरवे, नोकरी तर राहील, असे वाटले.

मग सोयाबीनचे झाले. पेरणीआधी घरच्या बियाण्यातले थोडे दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ते उगवतात का बघतो, तुला माहीत आहे. यंदा पाणी शिंपडायचे माझ्याकडे होते. तुझ्या काळजीत ध्यान राहिले नाही. पोते उघडले तर एकाही दाण्याला मोड नाही. शिवाजी सगळे बियाणे मोंढ्यावर विकायला निघाला. तुझ्या आईने पोते चाचपले आणि म्हणाली, "मामा, हे तर पार वाळून गेल्तं. बियाण्याला कशाला नावं ठेवता? परीक्षा झालीच न्हाई त्याची."

शिवाजी म्हणाला, आबाला पोते ओले ठेवता येईना आणि नातीला नोकरी सांभाळायला सांगतात. मीही हसलो. पण तुझे म्हणणे मला तेव्हा कळले. उगवले म्हटले असते तरी खोटे, नाही म्हटले असते तरी खोटे. आईने पुन्हा भिजवले, चांगले मोड आले.

पुढच्या आठवड्यात हसनाबादचे पाहुणे येणार आहेत. तुला बघायला. पोरगी नोकरी सोडून घरी येते आहे, असे शिवाजीने त्यांना सांगून टाकले. मी तिथेच बसलो होतो, गप्प राहिलो. खरे सांगू का, मला बरे वाटले. तुझी आजी गेल्यापासून या घरात माझ्याशी कोणी थांबून बोलत नाही. तू आलीस तर बोलशील, एवढेच मनात आले. तुझे पुढे काय होईल, हे आलेच नाही.

पण आता आलीस तर तुला परत कोणी जाऊ देणार नाही. खोटे हिरवे दाखवू नकोस, आणि राजीनामाही आपल्या हाताने देऊ नकोस. काढले तर काढू दे, तिथेच राहून दुसरे काम बघ. पाहुण्यांना येऊ नका असे कळवायला मी आज शिवाजीला सांगतो. तो चिडेल, चार दिवस बोलणार नाही. तसाही कुठे बोलतो.

तुझी वाट पाहणारा, तरी ये म्हणत नसलेला,
आबा